वैद्याची कंपाउंडर

धक्क्यावरच्या लोकांनी तिच्या नवऱ्याला 'वैद्य' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यात कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त होती. बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक तो, पण त्याच्या शेडमध्ये पान्यांपेक्षा बरण्या जास्त. एका फळीवर व्हिनेगरच्या बाटल्या. दुसरीवर खाण्याचा सोडा, मीठ, टाल्कम पावडर, साबणाच्या वड्या, जुने टूथब्रश. कोपऱ्यात झाडूच्या काड्यांची जुडी आणि खाली टोपलीत बटाटे. नवीन माणूस हमखास दारातच थबकायचा आणि विचारायचा, "इंजिनं दुरुस्त होतात ना इथे?"

"होतात," ती आतून ओरडायची. "जेवायला मात्र मिळत नाही."

आता वैद्य म्हटला की त्याला कंपाउंडर हवाच. ती जागा तिच्याकडे आपसूक आली. तिचं खरं नाव धक्क्यावर कुणाला ठाऊक नसेल, पण 'कंपाउंडरबाई' म्हटलं की लहान मूलसुद्धा शेडकडे बोट दाखवायचं.

खरं तर ही सगळी कल्पना मूळची तिचीच. लग्नाला वर्ष झालं नसेल. तो तोंड पाडून घरी आला होता. बोटीचं इंजिन खाडीचंच पाणी आत ओढून थंड होतं. त्या खाऱ्या पाण्याने आतल्या नळ्यांत क्षारांचा दगडासारखा थर धरला होता. खरवडावा तर हात पोचत नाही, नवीन भाग मागवावा तर तीन महिने. ती चहा ठेवत होती. तिने किटली उचलून त्याला आतून दाखवली. "असाच पांढरा थर का? असा धरला की माझी आई किटलीत व्हिनेगर उकळायची."

तो दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी गुपचूप बाटली घेऊन गेला. संध्याकाळी ते इंजिन असं सुरू झालं, की मालक नाचायचा बाकी राहिला. नवऱ्याने घरी येऊन कौतुकाचा एक शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जाताना बरणीतला सोडाही उचलून नेला. तिला कळायचं ते कळलं.

मग दोघं इरेलाच पेटली. तेल कुठून गळतंय ते सापडत नसेल, तर इंजिन पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि पाच मिनिटं चालवायचं. जिथे पावडर ओली झाली, तिथे चोर. गंजलेल्या पत्र्यावर मीठ लावून अर्धा बटाटा घासायचा. कार्बुरेटरचं बारीक भोक तारेने नाही, झाडूच्या काडीने साफ करायचं, कारण तारेने ते मोठं होतं. टाकीला बारीक छिद्र पडलं तर त्यात साबण दाबून भरायचा. आणि इंजिनाच्या पोटात काय खडखडतंय ते ऐकायला तो तिचं लाटणं वापरायचा. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. डोळे मिटून असा ऐकत बसायचा, की येणारा-जाणारा आपोआप आवाज खाली आणायचा. घरात त्यामुळे दोन लाटणी होती. एकदा त्यांची अदलाबदल झाली आणि दोघांनी ऑइलच्या वासाची पोळी खाल्ली.

चेष्टा हळूहळू मागे पडली आणि नाव तेवढं राहिलं. तीस वर्षं राहिलं. मूल झालं नाही. त्या विषयावर बोलून बोलून दोघं दमली आणि मग इंजिनांवर बोलू लागली.

एक गोष्ट मात्र तो थट्टेवारी नेत नसे. "घरगुती औषध आहे हे," तो प्रत्येकाला बजावायचा. "कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. साबण किनाऱ्याला लागेपर्यंतच. व्हिनेगर अर्ध्या तासाच्या वर एक मिनिट नाही, नाहीतर धातू खाईल."

विसरण्याची सुरुवात झाली तेव्हा तिने फारसं मनावर घेतलं नाही. चष्मा कुठे, किल्ली कुठे, हे कुणाच्या घरात होत नाही? पण एका सकाळी त्याने एका इंजिनावर पावडर भुरभुरवली, डबा खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून तो बघतच राहिला. मग तिच्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाला, "अगं, हे पीठ कुणी सांडलं इथे?"

तिने फडकं घेऊन ती पावडर पुसून काढली.

ती त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग त्याला बाहेर बसवून तिला आजाराचं नाव सांगितलं. हळूहळू वाढत जाईल, म्हणाले. काय काम करतात?

"आता काही नाही," ती म्हणाली. "निवृत्त झालेत."

हे तिचं पहिलं खोटं. ते तोंडातून इतक्या सहज गेलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

बसमध्ये परत येताना तिने मनाशी ठरवून टाकलं. शेड बंद केली तर हा माणूस दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे बघत बसेल. शेडमध्ये तो अजून वैद्य होता. हात चालत होते, हातांना सगळं आठवत होतं. मधेच एखादी पायरी निसटायची, एवढंच. ती आपण धरू. आणि खरं सांगायचं तर तिला तिची जागाही सोडवत नव्हती. कंपाउंडरबाई म्हणून तिला मान होता. आजारी माणसाची बायको म्हणून काय असणार होतं?

तिने नियम केला, की ती समोर नसेल तर इंजिनाला हात लावायचा नाही. आणि ती समोर असायचीच. स्टुलावर बसून बटाटे कापत सहज विचारल्यासारखं विचारायची, "हं, वैद्यबुवा, आता पुढे काय?" त्याला आठवलं तर तो सांगायचा. नाही आठवलं तर ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणायची, "आता सोड्याचं पाणी घालतील वाटतं." तो लगेच, "तेच तर करतोय!"

सगळ्यात जपावं लागायचं ते नळ्या धुताना. पाणी आत येतं त्या तोंडाला लाकडी बूच ठोकायचं, म्हणजे व्हिनेगर आत कोंडून राहतं. वरून कोमट व्हिनेगर ओतायचं. अर्ध्या तासाने खालचा छोटा नळ उघडून ते काढायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, मग सोडा, मग परत पाणी. आणि शेवटी बूच काढायचं. ते राहिलं तर इंजिनाला पाण्याचा थेंब मिळणार नाही. दर वेळी ती विचारायची, "बूच?" आणि तो तळहातावर बूच धरून दाखवायचा. तेव्हाच ती स्टुलावरून उठायची.

दीड वर्ष कुणाला पत्ता लागला नाही. ती हे सगळं चोख निभावत होती आणि मनातून तिला त्याचा अभिमानही वाटत होता. पुढे तिला सगळ्यात जास्त बोचली ती हीच गोष्ट.

तो नावाडी पस्तिशीचा असेल. हसरा, बोलका, कायम घाईत. खाडीच्या पलीकडे दवाखाना होता. तिथल्या नर्सना सकाळी सोडायचं आणि दुपारी आणायचं, हे त्याचं रोजचं काम. एका दुपारी तो शेडच्या दारात उभा राहिला.

"काकू, इंजिन बाजूने पाणी कमी टाकतंय. थर धरला असणार. उद्या सकाळी नर्सना सोडून आलो की काकांना तेवढं धुऊन द्यायला सांगा."

"उद्या नको, परवा आण. उद्या मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. दाढ काढायचीय."

"दाढ तुमची काढायचीय ना? काका तर आहेत की."

सांगायचं असतं तर ते तिथेच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. नवरा शेजारीच उभा होता, हात पुसत, काम आलं म्हणून खूश. त्याच्यासमोर कसं सांगणार? आणि नंतर मागे धावत जाऊन सांगायचं तिला सुचलं नाही. की सुचलं आणि तिने ते टाळलं? यावर तिने पुढे फार विचार केला.

"मी नसताना काम करत नाहीत ते," ती म्हणाली. "आमचा नियम आहे."

नावाडी खो खो हसला. "काय काका! घरातून परवानगी काढावी लागते वाटतं आता!"

नवराही हसला.

दुसऱ्या दिवशी तिने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. नवऱ्याला नाश्ता दिला, रेडिओ लावून दिला, दुपारपर्यंत येते म्हणून सांगितलं. कुलूप शेडला होतं. इंजिन मात्र बोटीवर होतं, व्हिनेगर स्वयंपाकघरात आणि बूच नवऱ्याच्या खिशात.

ती परत आली तेव्हा दोन वाजून गेले होते. अर्धा चेहरा बधिर, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. नवरा मोरीपाशी उभा राहून साखर आणि खायचं तेल हातांवर चोळत होता. ग्रीस काढायचा हासुद्धा तिचाच उपाय. मोरीत काळं पाणी चाललं होतं.

तिने कापूस थुंकला. "कुणाचं इंजिन?"

"कुठलं इंजिन?"

"हात कशाने काळे झाले?"

त्याने हातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले. "काय की," तो म्हणाला आणि जरा ओशाळून हसला.

ओट्यावर व्हिनेगरच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. सोड्याचा डबा उघडा, चमचा ओला. सगळं क्रमाने केलेलं दिसत होतं. तिने त्याचे खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचे दोन्ही. रुमाल निघाला, एक स्क्रू निघाला. बूच नव्हतं.

ती तशीच घरच्या चपलांवर धक्क्याकडे धावली. तोंडातून रक्त येत होतं, लोक बघत होते. बोटीची जागा रिकामी होती. जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "आत्ताच गेला की, नर्सना आणायला. एकटाच होता." तिने खाडीच्या मुखाकडे पाहिलं. ओहोटी लागली होती आणि पाणी समुद्राकडे नुसतं खेचलं जात होतं. दूरवर बोट दिसली, पण ती चालल्यासारखी चालत नव्हती. आडवी झाली होती, मागून पांढरा धूर निघत होता. नावाडी वाकून काहीतरी करत होता. नेहमी बोट सुटली की बाजूने इंजिनाच्या पाण्याची धार पडतेय ना, ते तो पाहायचा. आज त्याने पाहिलं नसणार. वैद्याने धुतलेलं इंजिन होतं ते.

ती ओरडली. बधिर तोंडाने नुसताच आवाज निघाला, शब्द फुटला नाही. दोन बोटी निघाल्या तोवर प्रवाहाने त्याला मुखाशी असलेल्या दगडी बांधावर नेऊन आपटलं होतं. बोट उलटी सापडली. तो संध्याकाळी सापडला.

बंदराच्या निरीक्षकाने इंजिन उघडलं आणि त्यात बूच सापडलं. चौकशी दोन दिवसांत संपली. माणूस घाईचा होता, हे सगळेच सांगत होते. स्वतःच धुवायला गेला असेल आणि गडबडीत बूच काढायचं विसरला असेल. 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला. त्या सकाळी सगळ्या बोटी बाहेर होत्या, कुणी काही पाहिलं नव्हतं. वैद्याच्या शेडला त्या दिवशी कुलूप होतं, त्यामुळे त्याचा संशय कुणालाही आला नाही. उलट चारजण येऊन म्हणून गेले, "एक दिवस थांबून तुमच्याकडूनच करून घेतलं असतं, तर जीव वाचला असता."

ती मान हलवायची.

नवरा रोज सकाळी विचारायचा, "तो आला नाही का गं? इंजिन धुवायचं म्हणत होता." पहिल्या दिवशी तिने सांगितलं. तो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत तिने सांगितलं, आणि तो परत तसाच रडला, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "येईल."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

अकरा दिवस तिने असे काढले. बाराव्या दिवशी ती नावाड्याच्या घरी गेली. जाळ्यांच्या गोदामावर दोन खोल्या. त्याची बायको शिवणकाम करायची. मशीनवर अर्धवट शिवलेला परकर तसाच पडला होता. तिने कंपाउंडरबाईंना बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. आजार, डॉक्टर, नियम, दाढ, रिकाम्या बाटल्या.

नावाड्याची बायको बराच वेळ मशीनचं चाक हाताने मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "अकरा दिवस मी त्याच्यावर चिडलेय, काकू. सगळे म्हणत होते घाईचा होता, निष्काळजी होता. मीही म्हणत होते. रात्रंदिवस त्याला शिव्या घालतेय मी, की एवढं कळत नव्हतं का तुला. मेलेल्या माणसाला."

"म्हणूनच आले मी."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं? काकांचं?"

"दीड वर्ष."

चाक थांबलं.

"तुम्ही नुसतं एवढं म्हणाला असतात ना, की त्यांना बरं नाही. बाकी काही नाही. एवढं एक वाक्य. तो परत फिरला असता हो. तो ऐकायचा सगळ्यांचं." तिचा आवाज चढला नाही. "काकांना मी काही म्हणत नाही. ते आजारी आहेत. तुम्ही नाही आहात आजारी. आता जा तुम्ही."

ती तिथून निघाली ती थेट निरीक्षकाच्या ऑफिसात गेली. निरीक्षक वैतागला. चौकशी पूर्ण झालीय, कागद वर गेलेत, आता हे काय नवीन? पण ती हलेना. शेवटी त्याने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं.

नवरा स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीत बसला. त्याला वाटलं, साहेबांना इंजिनाबद्दल सल्ला हवाय. निरीक्षकाने विचारलं, "नळ्या धुताना तुम्ही नेमकं काय करता, सांगाल का?"

आणि त्याने सांगितलं. एकही पायरी न चुकता, हातवारे करत, किती कोमट, किती वेळ, सोडा किती चमचे. त्याचे डोळे चमकत होते. कित्येक महिन्यांनी ती त्याला इतकं सलग बोलताना पाहत होती. "आणि शेवटी," तो पुढे वाकून म्हणाला, "बूच काढायचं साहेब. यात हयगय नाही. हे विसरलं ना, तर भर पाण्यात इंजिन जळेल, माणूस जाईल."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं.

नवऱ्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. "का? कोण विसरलं?"

"मी," ती म्हणाली.

"तू?" त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

शेरा बदलला. त्यासाठी तीन महिने आणि सात खेपा लागल्या. शिक्षा कुणालाच झाली नाही. आजारी माणसाला काय शिक्षा करणार आणि गप्प बसण्याला कुठलं कलम लावणार? शेड तिने रिकामी करून दिली. हत्यारं एका मेकॅनिकने नेली, बरण्या कचऱ्यात गेल्या. धक्क्यावरचे लोक नवऱ्याशी अजून मायेने बोलत, त्याचा हात हातात घेत. ती जवळ आली की बोलणं संपायचं. जाळीवाला म्हातारा तेवढा एकदा म्हणाला, "सांगितलंत कशाला? तो काही परत येणार नव्हता." ते त्याने बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. तिला अजिबात बरं वाटलं नाही.

आता नवऱ्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. तिचं नाव येत नाही, कधीकधी तो तिला 'बाई' म्हणतो. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, बाकी प्रकृती ठणठणीत आहे, हृदय तर तरुणासारखं. अजून दहा-बारा वर्षं सहज काढतील. तिने आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसली. दहा-बारा वर्षं. तिला उठायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी ती त्याला फिरायला नेते. धक्क्याच्या बाजूला नाही, मागच्या चढाच्या रस्त्याने. परवा त्याच रस्त्यावर समोरून नावाड्याची बायको आली, कापडांची पिशवी घेऊन. बाजूला व्हायला जागा नव्हती. नवऱ्याला काय आठवलं देव जाणे. त्याने तिला बरोबर ओळखलं आणि तोंडभर हसला.

"काय गं, नवरा कुठाय तुझा? दिसला नाही बऱ्याच दिवसांत."

कंपाउंडरबाईंनी खाली पाहिलं.

"कामावर आहे, काका," नावाड्याची बायको म्हणाली. "तुम्ही कसे आहात?"

"मी मस्त!"

तिने पिशवी खाली ठेवली. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ते काढून नीट लावलं. मग पिशवी उचलली आणि त्याच्या शेजारी कुणी उभंच नसल्यासारखी ती उतारावरून निघून गेली.

"चांगली मुलगी आहे," नवरा म्हणाला. "कोण होती?"

तिने त्याचा दंड धरला आणि दोघं चढ चढू लागली.